महागाई, बेकारी आणि केन्ससाहेब

१९०६ सालची गोष्ट. स्कॉटलंडच्या आयरशायर जातीचे दहा तरणे वळू बोटीने मुंबईला पाठवायचे होते. ही व्यवस्था बघायचं काम लंडनच्या इंडिया ऑफिसात नुकत्याच लागलेल्या एका तेवीस वर्षांच्या पोराकडे आलं. नोकरीतलं त्याचं पहिलंच काम! वळू पाठवून झाले आणि हा टेबलाशी बसून कंटाळू लागला. हाताला काम थोडं आणि डोकं तल्लख. मग फावल्या वेळात तो आपला गणिताचा प्रबंध लिहायचा, आणि हिंदुस्थानच्या फायली वाचायचा. रुपया म्हणजे काय, तो कोण पाडतं, त्याची किंमत कोण ठरवतं, याच्या फायली.

या पोराचं नाव जॉन मेनार्ड केन्स. पुढे तो विसाव्या शतकातला सगळ्यात गाजलेला अर्थशास्त्रज्ञ झाला. आयुष्यात एकदाही त्याने हिंदुस्थानात पाऊल ठेवलं नाही. पण त्याचं पहिलं पुस्तक आलं ते मात्र आपल्या रुपयावर, १९१३ साली.

मैत्रिणींनो, मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. केन्स हे नाव पाठ्यपुस्तकात एका धड्यात येतं, मुली व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मला मात्र हा माणूस त्याच्या व्याख्यांपेक्षा जास्त आवडतो. आवडतो म्हणजे सगळाच नाही, तेही सांगेन. पण महागाई आणि बेकारी ही आपल्या घरातली दोन भांडणं त्याने जन्मभर डोक्यावर घेतली.

घरातली कशी? असं बघा. सासूबाईंचे पैसे पोस्टात आहेत. महागाई वाढली की व्याजाच्या पैशात औषधं बसत नाहीत. त्यांना वाटतं, सरकारने काहीही करावं पण भाव आटोक्यात ठेवावेत. त्याच घरात थोरला मुलगा पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलाय. भाव आटोक्यात आणायचा नेहमीचा उपाय म्हणजे व्याजाचे दर वाढवणं. दर वाढले की कर्ज महाग होतं. मग दुकानदार नवं दुकान काढत नाही, कारखानदार नवं यंत्र घेत नाही, आणि मुलाची नोकरी आणखी लांबते. म्हणजे सासूबाईंचं औषध की नातवाची नोकरी? घरात आपण असा हिशोब करत नाही, पण देशाच्या पातळीवर कुणीतरी टेबलाशी बसून तो करतच असतं. केन्सचं म्हणणं असं, की हा हिशोब माणसं करतात, तो पावसासारखा आभाळातून पडत नाही.

केन्सचा जन्म ५ जून १८८३ चा, इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. वडील विद्यापीठात. आई फ्लोरेन्स ही न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात अगदी सुरुवातीच्या काळात शिकलेली. त्या काळी बायकांना तिथे शिकता यायचं, पण केंब्रिज विद्यापीठ त्यांना पदवी देत नसे. बरोबरीने पदवी मिळायला १९४८ साल उजाडलं! फ्लोरेन्सबाई घर, तीन मुलं सांभाळून गोरगरिबांच्या कामात पडल्या आणि १९३२ साली केंब्रिजच्या महापौर झाल्या. मुलाचं कौतुक सगळं जग करतं, मला या आईचंही वाटतं.

मेनार्ड शिकला ईटनच्या महागड्या शाळेत, पण शिष्यवृत्तीवर. पुढे किंग्ज कॉलेजात गणित. दिसायला आपण कुरूप आहोत असं त्याच्या मनाने लहानपणापासून घेतलं होतं. ही बोच मोठ्या माणसांनाही असते म्हणायची! १९०६ साली सरकारी नोकरीची परीक्षा दिली, त्यात देशात दुसरा आला. गंमत म्हणजे अर्थशास्त्रातच मार्क कमी पडले. पहिला आला तो ऑटो निमेयर. पहिल्याने अर्थखातं घेतलं, दुसऱ्याच्या वाट्याला इंडिया ऑफिस आणि ते वळू आले. या निमेयरचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

दोन वर्षांत नोकरी सोडून केन्स केंब्रिजला शिकवायला गेला. पहिल्या महायुद्धात सरकारने त्याला अर्थखात्यात बोलावून घेतलं. १९१९ साली युद्ध संपल्यावर पॅरिसला तहाची बोलणी झाली, तिथे तो इंग्लंडच्या शिष्टमंडळात होता. हरलेल्या जर्मनीवर जिंकलेल्यांनी एवढी भरपाई लादायचं ठरवलं, की ती देणं शक्यच नव्हतं. केन्सने समजावून पाहिलं. कुणी ऐकेना. जूनमध्ये राजीनामा दिला, आणि वर्ष संपायच्या आत या तहाचे आर्थिक परिणाम काय होतील यावर पुस्तक लिहून बाहेर काढलं. ते एवढं खपलं की छत्तीस वर्षांचा हा मास्तर एका रात्रीत जगाला माहीत झाला.

मग जर्मनीत काय झालं? युद्धाचं कर्ज, भरपाईचा बोजा, कर गोळा करायची ताकद नाही, म्हणून सरकारने नोटा छापल्या. छापतच राहिलं. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख कोटी मार्क मोजावे लागत होते! पगार दिवसातून दोनदा व्हायचा. बायका कारखान्याच्या फाटकाशी थांबायच्या, नवऱ्याने नोटांची गठडी हातात दिली की दुकानाकडे पळायच्या, कारण तासाभराने त्याच पैशात निम्मं सामान आलं असतं. मुलीच्या लग्नासाठी जन्मभर साठवलेल्या पैशात पोस्टाचं तिकीटसुद्धा येईना. विधवा, पेन्शनवाले, बँकेत ठेव ठेवणारे साफ बुडाले. आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं, ज्यांच्याकडे जमीन, कारखाने होते, त्यांचं कर्ज कागदाच्या भावात फिटलं.

त्याच १९२३ साली केन्सने पैशाच्या धोरणावर एक छोटं पुस्तक काढलं. माझ्या मते त्याचं सगळ्यात समजायला सोपं पुस्तक हेच. त्यात तो भाव वाढले की कोण मरतं आणि भाव पडले की कोण मरतं, याचा हिशोब मांडतो. भाव वाढले की साठवणारा मरतो, हा अन्याय आहे. भाव पडायला लागले की मात्र व्यापारी माल भरत नाही, कारखाना बंद ठेवतो, आणि कामगार रस्त्यावर येतो. दोन्ही वाईटच. पण दोन्हीत निवडायचीच वेळ आली, तर गरीब जगात माणसांना बेकार करणं हे ठेवीदाराला नाराज करण्यापेक्षा जास्त वाईट, असं त्याने स्पष्ट लिहिलं. जर्मनीची धूळधाण डोळ्यांसमोर असताना हे लिहायला धैर्य लागतं.

याच वर्षी, म्हणजे १९२३ सालीच, लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांना आपण घटनेमुळे ओळखतो. ते मुळात अर्थशास्त्राचे डॉक्टर, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. आपल्या रुपयाची लंडनमार्फत सोन्याशी घातलेली जी गाठ केन्सला पसंत होती, तिच्यावर त्यांनी या ग्रंथात नाव घेऊन टीका केली. सरकारच्या हाती रुपये पाडायची मोकळीक ठेवली तर बाजारात रुपया स्वस्त होतो आणि वस्तू महागतात, म्हणून रुपये पाडण्यावर मर्यादा हवी, असं त्यांचं म्हणणं. एकाला काळजी बेकारीची, दुसऱ्याला गरिबाच्या हातातल्या रुपयाला काय मिळतं याची. आणि ज्या देशात रुपये पाडणारं सरकारच परकं, तिथे बाबासाहेबांची काळजी किती खरी होती, हे वीस वर्षांनी दिसायचं होतं.

आता इंग्लंड. जर्मनीने एका टोकाची चूक केली, तर इंग्लंडने दुसऱ्या टोकाची. युद्धाआधी पौंडाची नोट बँकेत दिली की ठरलेलं सोनं मिळायचं. यालाच सुवर्णमान म्हणतात. युद्धात ते बंद पडलं. १९२५ च्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ते जुन्याच भावाने पुन्हा सुरू केलं. एका पौंडाला ४.८६ डॉलर. पौंडाची इभ्रत राखायची होती ना! हा सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांत पुढे होता कोण? तर परीक्षेत पहिला आलेला तोच निमेयर.

केन्सचा हिशोब सांगत होता की हा भाव साधारण दहा टक्क्यांनी जास्त आहे. म्हणजे इंग्लंडचा कोळसा, कापड परदेशात एका दिवसात दहा टक्के महाग झालं. ते खपवायचं तर किंमत उतरवायची, किंमत उतरवायची तर मजुरी कापायची. आणि मजुरी काही आपोआप उतरत नाही, माणसं बेकार करून, भुकेला आणूनच उतरवावी लागते. केन्सने चर्चिलच्या नावानेच पुस्तिका काढून हे लिहिलं. खाणमालकांनी मजुरी कापायला घेतली, १९२६ च्या मे महिन्यात खाणकामगारांच्या पाठिंब्याला सगळ्या इंग्लंडभर नऊ दिवस संप झाला. तो मोडला. खाणकामगार एकटे पुढे थंडी पडेपर्यंत लढले आणि उपाशी पोटी कमी मजुरीवर परत गेले. भाव पडले, पौंडाची इभ्रत राहिली, दहा लाखांवर माणसं वर्षानुवर्षं बेकार राहिली.

त्या पुस्तिकेच्याच उन्हाळ्यात, ४ ऑगस्ट १९२५ ला, केन्सचं लग्न झालं. याची गोष्ट आपल्या पानावर यायलाच हवी. तरुणपणी त्याची प्रेमं पुरुषांवर होती, हे त्याच्या मित्रमंडळींत उघड होतं. त्या काळच्या कायद्याने तो गुन्हा होता. आणि अशात १९२१ साली तो एका रशियन नर्तकीचा नाच बघायला गेला, आणि रोज जायला लागला. लिडिया लोपोकोवा. सेंट पीटर्सबर्गच्या नाटकगृहातल्या एका साध्या नोकराची मुलगी, बॅलेत जगभर नाव कमावलेली. केन्सची मित्रमंडळी म्हणजे व्हर्जिनिया वुल्फसारखी लेखक-चित्रकार मंडळी, स्वतःला फार बुद्धिमान समजणारी. त्यांनी लिडियाला नाकं मुरडली. तिचं इंग्रजी मोडकं, बोलणं मोकळंढाकळं. ही काय आपल्या मेनार्डला शोभणार? लिडियाने कुणाची पर्वा केली नाही. वीस वर्षांहून जास्त टिकलेलं हे लग्न फार सुखाचं होतं. त्यांना मूल झालं नाही. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमधलं घर आणि ससेक्समधलं टिल्टन नावाचं शेतावरचं घर, या दोन ठिकाणी त्यांचा संसार होता.

१९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदी आली. केन्सचे स्वतःचे पैसेही या काळात बरेच बुडाले, ज्योतिषी स्वतःची पत्रिका चुकतो तसंच! १९३१ च्या जानेवारीत तो बीबीसी रेडिओवर बोलला. आणि बोलला कुणाशी? घरच्या गृहिणींशी! काटकसर करून देशाचं भलं होतंय असं समजू नका, उद्या सकाळी उठून सेलमध्ये जा, चादरी घ्या, टॉवेल घ्या, तुमच्या खरेदीने कुणाच्या तरी घरी पगार येणार आहे, असा त्याचा सांगावा होता.

हे मी वर्गात सांगते तेव्हा मुली हसतात. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय काटकसर. भिशी काय, बचत गट काय, तांदळाच्या डब्यातल्या नोटा काय. मग हा बाबा खर्च करा का म्हणतो? त्यात खोच आहे. एका घराने काटकसर केली तर ते घर तरतं. पण मंदीत सगळ्यांनीच एकदम हात आखडला तर कापड दुकानातल्या मुलीचा पगार बंद होतो, मग ती भाजी कमी घेते, मग भाजीवाली तिच्या मुलाला चप्पल घेत नाही. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई. घराचं शहाणपण देशाला लागू पडेलच असं नाही, हे केन्सच्या साऱ्या अर्थशास्त्राचं बीज आहे. आणि लोक खर्च करेनात तर सरकारने करावा, घरं बांधावीत, रस्ते करावेत, व्याज उतरवावं. त्याच सरकारांनी नेमकं उलटं केलं होतं. सोनं सांभाळायला व्याज चढवलं, खर्च कापला.

पण सगळ्या देशांनी नाही. इथेच खरी गंमत कळते. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडला नाइलाजाने सोनं सोडावं लागलं. जग बुडेल म्हणत होते, काही बुडालं नाही. उलट १९३२ मध्ये व्याजाचा दर दोन टक्क्यांवर आणता आला, घरबांधणी सुरू झाली. स्वीडननेही लगेच सोनं सोडलं आणि भाव स्थिर ठेवणं हेच आपलं धोरण म्हणून जाहीर केलं. अमेरिकेने १९३३ मध्ये सोडलं, तोवर तिथे चौघांत एक माणूस बेकार झाला होता. फ्रान्स मात्र १९३६ पर्यंत सोन्याला कवटाळून बसला आणि सगळे वर येत असताना रुतत गेला. ज्यांनी आधी सोडलं ते आधी सावरले.

आणि जर्मनी? हिटलर नोटांच्या महागाईमुळे आला असं आपण ऐकतो. मला ते अर्धवट वाटतं. ती महागाई १९२३ लाच संपली होती. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला तीन टक्केसुद्धा मतं नव्हती. त्यानंतर मंदी आली. पुन्हा नोटा छापल्याचा आरोप नको म्हणून चॅन्सेलर ब्रूनिंगने पगार कापले, खर्च कापला, कर वाढवले. १९३२ मध्ये साठ लाख माणसं बेकार, आणि त्या जुलैत हिटलरला सदतीस टक्के मतं. महागाईची जुनी भीती धरून बसले आणि बेकारीच्या वाटेने तो आत आला.

या सगळ्यात आपण कुठे होतो? आपल्याला निवड नव्हतीच. रुपया एक शिलिंग सहा पेन्सला पौंडाला बांधलेला. पौंड जिथे जाईल तिथे रुपया. शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले, सारा आणि सावकाराचं कर्ज मात्र होतं तेवढंच. १९३१ नंतर पौंडाबरोबर रुपया उतरला, सोन्याचा भाव चढला, आणि खेडोपाडीच्या घरांतलं सोनं बाहेर पडायला लागलं. पाटल्या, गोठ, पुतळ्या सराफाकडे आल्या, वितळल्या, आणि मुंबई बंदरातून वर्षानुवर्षं बोटी भरून लंडनला गेल्या. त्याला अडचणीतलं सोनं असंच नाव पडलं. तिकडे व्याज उतरायला मदत झाली, इकडे बायकांची मनगटं रिकामी झाली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही एक ओळ असते. मी तिथे वर्गात जरा थांबते.

१९३६ च्या फेब्रुवारीत केन्सच्या घरात दोन मोठे सोहळे झाले. ३ तारखेला केंब्रिजमध्ये त्याने पदरचे पैसे घालून उभारलेलं नाटकगृह उघडलं. तिथे पुढे लिडिया इब्सेनच्या नाटकांत कामं करायची. आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं सगळ्यात मोठं पुस्तक बाहेर पडलं, रोजगार, व्याज आणि पैसा यांच्या सिद्धांताचं. बाजार आपोआप सगळ्यांना काम देतो हा समज त्याने मोडून काढला. पुस्तकाचे खर्डे तपासणाऱ्या तरुण मंडळींत एक बाई होत्या, जोन रॉबिन्सन. या जोनबाई लग्नानंतर दोन वर्षं आपल्या शिंद्यांच्या ग्वाल्हेरला राहिल्या होत्या, नवरा तिथे छोट्या महाराजांचा शिक्षक होता. पुढे त्या स्वतः जगातल्या थोर अर्थशास्त्रज्ञ झाल्या. नोबेल त्यांना मिळालं नाही, ते का, हा वेगळ्या लेखाचा विषय.

पुढच्याच वर्षी केन्सला हृदयविकाराचा मोठा झटका आला. तिथून नऊ वर्षं तो जगला ते लिडियामुळे. तिने नाच, नाटक बाजूला ठेवलं. खाणं, झोप, पाहुणे, सगळ्यांचा ताबा घेतला. वेळ झाली की मंत्री असो नाहीतर प्रोफेसर, ही बाई त्यांना सरळ घालवून द्यायची. नाकं मुरडणारे मग गप्प झाले.

दुसरं महायुद्ध आलं आणि केन्सने १९४० साली लिहिलं ते ऐकून लोक चकित झाले. खर्च करा म्हणणारा आता म्हणतो, पैसे बाजूला ठेवा! पण त्यात उलटं काहीच नाही. युद्धात सगळ्यांना काम होतं, दुकानात माल नव्हता. अशा वेळी हातात पैसा आला तर भावच भडकणार. म्हणून पगारातला काही भाग सक्तीने साठवायचा आणि युद्धानंतर परत द्यायचा. भाव आणि बेकारी यांत कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे काळ बघून ठरवायचं, हे त्याचं शहाणपण इथे दिसतं. शिवाय गरिबांवर बोजा नको म्हणून प्रत्येक मुलामागे भत्ता आणि गरजेच्या वस्तू स्वस्त दरात, हेही त्याने त्याच योजनेत घातलं. त्यातलं सगळं झालं नाही, पण इंग्लंडमध्ये रेशन आलं, अन्नाचे भाव सरकारने धरून ठेवले. १९४५ साली मुलांच्या भत्त्याचा कायदा झाला, आणि खासदार एलिनॉर रॅथबोन या बाईच्या हट्टामुळे ते पैसे बापाच्या नाही, आईच्या हाती पडू लागले.

आता मला न आवडलेला केन्स. याच युद्धात इंग्लंडने हिंदुस्थानातून धान्य, कापड, ताग, सैन्याचं सगळं सामान उचललं. पैसे लंडनच्या खात्यात जमा, म्हणजे कागदावर. इथे माल देणाऱ्याला मात्र रुपये द्यायचे, ते नवे छापून. नोटा वाढल्या, माल कमी झाला, भाव भडकले. बाबासाहेबांनी ज्याची भीती घातली होती तेच! १९४३ साली बंगालमध्ये तांदूळ गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला आणि वीस ते तीस लाख माणसं दुष्काळात मेली. वादळ, ब्रह्मदेशाचा पाडाव, सरकारची बेफिकिरी, कारणं बरीच होती. पण शेतमजूर, कोळी, न्हावी यांच्या मजुरीला तांदूळच विकत मिळेना, हे अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं. केन्स तेव्हा लंडनच्या अर्थखात्यात सल्लागार होता. महागाई गरिबाला कशी खाते हे त्याच्याएवढं कुणाला कळत होतं? काही भारतीय अर्थतज्ज्ञांनी तर दोष थेट त्याच्यावर ठेवलाय. मी एवढं नाही म्हणणार, एकट्याच्या हातात ते नव्हतं. पण इंग्लंडच्या मुलांसाठी भत्ता आणि रेशन मांडणाऱ्या माणसाची लेखणी बंगालच्या मुलांसाठी तशी चालली नाही, हे मला विसरता येत नाही.

१९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले, युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालवायचा ते ठरवायला. जागतिक बँक आणि नाणेनिधी तिथेच जन्मले. इंग्लंडकडून केन्स, सोबत लिडिया. हिंदुस्थानच्या बाजूने होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. इंग्लंडकडे आपलं येणं साठत चाललं होतं, युद्ध संपेपर्यंत ते सुमारे १३० कोटी पौंडांवर गेलं. सावकार आपण आणि ऋणको साहेब! हा विषय परिषदेत घ्या, असं आपल्या शिष्टमंडळाने मांडलं. केन्सने तो दोन देशांतला व्यवहार म्हणून बाहेर ठेवला. स्वतःच्या देशासाठी तो कसलेला वकील होता.

शेवटची वर्षं त्याने अमेरिकेच्या खेपा घालण्यात काढली, इंग्लंडसाठी कर्ज मागत. १९४६ च्या मार्चमध्ये तिकडे रेल्वेत पुन्हा झटका आला. घरी परतला, आणि २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, टिल्टनच्या घरी गेला. वय बासष्ट. लंडनच्या प्रार्थनासभेत लिडियाबरोबर त्याचे म्हातारे आईवडीलही होते. फ्लोरेन्सबाई मुलामागे बारा वर्षं जगल्या.

त्याच्या मागे देशोदेशींनी आपापली निवड केली. जर्मनीने नोटांची आठवण धरून आपल्या मध्यवर्ती बँकेला भाव सांभाळणं हेच पहिलं काम दिलं, आणि पुढे युरोपच्या बँकेनेही तेच घेतलं. अमेरिकेने मंदीची आठवण धरली. तिथल्या बँकेला १९७७ च्या कायद्याने भाव आणि रोजगार दोन्ही सांभाळायला सांगितलं. आपल्याकडे २०१६ साली कायदा झाला, सहाजणांची समिती नेमली आणि महागाई चार टक्क्यांवर, दोन इकडे दोन तिकडे, ठेवायची असं ठरलं. वाढीकडेही लक्ष ठेवायचं, असं त्यात आहे. पाऊस हुकला आणि टोमॅटो महागला तर व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाहीत, हे त्या समितीलाही माहीत असतं. पण तिच्या हातात हत्यार तेवढंच.

१९७० नंतर तेलाच्या भावाने महागाई आणि बेकारी एकदमच वाढायला लागली, तेव्हा केन्सच्या शिष्यांकडे सोपं उत्तर नव्हतं. अमेरिकेने मग व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास नेले. महागाई तेरा टक्क्यांवरून दोन-तीन वर्षांत तीनवर आली, आणि १९८२ च्या अखेरीला शंभरातले जवळपास अकरा कामगार घरी बसले. केन्सचा काळ संपला असं तेव्हा मोठमोठे लोक बोलायचे. २००८ च्या मंदीत आणि २०२० च्या करोनात मात्र त्याच लोकांनी त्याची पुस्तकं पुन्हा काढली.

लिडिया मागे राहिली. नवरा गेल्यावर पस्तीस वर्षं, १९८१ च्या जूनपर्यंत. अमेरिकेतले ते चढे व्याजदर नेमके त्याच उन्हाळ्यातले.